बाहेरची लाइन

"हिंमतराव, अजून किती वेळ?"

विचारून झाल्यावर चेतनाला स्वतःचाच राग आला. हिंमतराव भिंतीवरच्या लोखंडी पेटीत मान घालून उभे होते. उत्तर द्यायला त्यांनी मान बाहेर काढली, तेवढाही वेळ तिला जड गेला.

"जळकं कार्ड निघालं, ताई. आता नवं बसवतो. घाई केली तर पिना मोडतील."

आदल्या रात्री वीज जाऊन परत आली, त्या झटक्यात दिल्लीच्या मराठी मंडळाच्या ऑफिसातली टेलिफोनची यंत्रणा बंद पडली होती. एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण पहाटे दाट धुक्यात, पानिपतच्या अलीकडे, मंडळाची बस उभ्या ट्रकवर आदळली होती. काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, दर जानेवारीत जाणारी बस. गाझियाबादहून निघायची, दिल्लीतली माणसं वाटेत घ्यायची.

जखमींना मिळेल त्या गाडीने मिळेल त्या हॉस्पिटलात नेलं होतं. कोण कुठे आहे, कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. अध्यक्ष शांतारामकाका तिकडे धावले, आणि निघता निघता चॅनेलवाल्यांना मंडळाचा नंबर देऊन गेले. सकाळपासून तोच नंबर टीव्हीवर खालच्या पट्टीत फिरत होता; चेतनाने मोबाइलवरून दुसरा नंबर कळवायचा प्रयत्न केला, पण चॅनेलवाल्यांचे फोन लागत नव्हते. हॉस्पिटलं, पोलीस, घरचे, सगळे तोच लावत असणार. आणि इथे साधी घंटीसुद्धा वाजत नव्हती.

मंडळाची सेक्रेटरी म्हणून चेतना ऑफिसात थांबली होती. पण ते निमित्त. त्या बसमध्ये तिचा नवरा होता.

सुधन्वा केंद्र सरकारच्या लेखातपासणी खात्यात होता. अर्धा महिना दौऱ्यावर. शुक्रवारी गाझियाबादच्या तपासणीला गेला, तेव्हा म्हणाला, "तिकडूनच बस पकडतो, उगाच परत कशाला येऊ?" त्याचा मोबाइल बंद होता. तपासणी असली की तो बंदच ठेवायचा. पण आज तर रविवार होता.

शुक्रवारी ती त्याच्याशी धड बोललीही नव्हती. मूल दत्तक घेऊ या, म्हणून ती किती दिवस मागे लागली होती, आणि तो दर वेळी "बघू" म्हणून उठून जायचा. त्या दिवशीही तसंच झालं. दारात त्याने "येतो हं" म्हटलं, ती भांडी घासत राहिली. आता तिने मनाशी ठरवून टाकलं. तो नुसता परत येऊ दे, पुन्हा हा विषय काढणार नाही. कधीच नाही.

"साधा फोन आणून सरळ लाइनला जोडला तर?" तिने विचारलं.

"जुनी तांब्याची तार असती तर कधीच जोडला असता. ही डिजिटल लाइन. कार्ड असल्याशिवाय बाहेरचा फोन आत येत नाही."

हिंमतराव फौजेत सिग्नलमध्ये, फोन-वायरलेसच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर कॅन्टोन्मेंटजवळच राहिले आणि अशीच कामं घेऊ लागले. पार दिल्लीबाहेर मानेसरच्या एका फॅक्टरीत सुटं कार्ड आहे कळल्यावर ते धुक्यातून स्कूटर घेऊन गेले होते. आता त्यांनी पेटीच्या धातूला हात टेकवला, अंगातली वीज उतरवली, मग कार्ड खाचेत धरून हळूहळू आत सरकवलं. ते अर्ध्यावर अडलं.

"काय झालं?"

"एक पिन वाकलीय."

त्यांनी चिमट्याने ती पिन सरळ केली. चेतना टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. कार्ड पुन्हा आत गेलं, खट्ट आवाज झाला. हिंमतरावांनी स्क्रू आवळले, तार जोडली, स्विच दाबला.

लाल दिवा लागला. लालच राहिला.

"हिंमतराव, काहीतरी करा हो! तो कुठेतरी रस्त्यावर पडला असेल, कुणी माझा नंबर शोधत असेल..."

हिंमतरावांनी वीज बंद केली, कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवलं, पुन्हा स्विच दाबला. दोघंही दिव्याकडे बघत राहिले. दिवा लुकलुकला, विझला, आणि हिरवा झाला.

त्याच क्षणी टेबलावरचा फोन खणखणला.

"हॅलो, मराठी मंडळ!"

"अच्छा, लागला एकदाचा!" पलीकडे एक तरुण बाई होती. "सकाळपासून ट्राय करतेय. ताई, बसच्या लोकांत सुधन्वा चिटणीस नाव असेल ना? ते काढून टाका. ते गेलेच नाहीत."

"गेले नाहीत? म्हणजे... सुखरूप आहेत?"

"बिल्कुल! इथे गाझियाबादलाच आहेत. झोपलेत. म्हटलं, त्यांना उठवण्याआधी तुम्हाला सांगावं, उगाच तुमची शोधाशोध नको."

चेतनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने हिंमतरावांना हाताने खूण केली. त्यांनी समजून हात जोडून वर पाहिलं.

"तुमचे फार उपकार झाले हो," ती हसत, रडत म्हणाली. "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का? की गेस्ट हाउसवरून बोलताय?"

"गेस्ट हाउस? नाही हो, घरून. आमच्या मुलीला रात्रभर ताप होता, तिला खांद्यावर घेऊन बसले होते बिचारे. मी त्यांची मिसेस बोलतेय."