पत्त्यांना गडगा

"माझे इंटरनेटचे पत्ते माझ्या मालकीचे आहेत, भाड्याचे नाहीत," मिरकरवाड्यात घरोघर नेट पुरवणारा दीपेश बायकोला म्हणाला. "आज ते कोणी वापरायचे याचा दाखला काढून भोवती दगडी गडगाच घालतो. मग बघू कोण घुसतो ते!"

"मुंबईच्या कंपनीमार्फत काढा, स्वस्तात होईल," नेत्रा म्हणाली. "पत्ते वाटणाऱ्या संस्थेचे थेट सभासद होऊन काढलात तर महाग पडेल."

"बाबल्याने कसा काढलान?" बाबल्या म्हणजे त्याचा चुलतभाऊ, पलीकडच्या गल्लीतला नेटवाला.

"स्वस्तातला."

"मग आपला महागातला."

पैसे भरले. स्क्रीनवर प्रश्न आला, हे पत्ते कोणतं नेटवर्क वापरणार? त्याचा नंबर टाका. दीपेशच्या डोळ्यांपुढे अख्खी भाऊबंदकी उभी राहिली.

"कोणीच नाही! घाल शून्य."

"अहो, आपला तरी नंबर घालू या."

"आपल्याच घरात शिरायला आपल्याला परवानगी कशाला गो?"

शून्य घातलं. दाखला आला. नेत्राने शेजारीपाजारी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. वड्या संपेपर्यंत साऱ्या जगाने दाखला मानला, की हे पत्ते कोणीच वापरायचे नाहीत, आणि दीपेशच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट बंद पडलं. शून्य पुसायची साईट त्याच्या नेटवर उघडेना. मोबाईलला रेंज नव्हती, ती तशीही नसते.

संध्याकाळी दीपेश बाबल्याच्या दुकानात बसून शून्य पुसत होता. बाबल्याने आनंदाने चहा मागवला. तोवर निम्म्या मिरकरवाड्याने बाबल्याचं कनेक्शन घेतलं होतं. पहिलं नेत्राने घेतलं.