चवीपुरतं मीठ

भात करपल्याचा वास बाहेर पोचायच्या आत तिने खिडकी उघडली, पातेलं सिंकमध्ये टाकलं आणि वरून नळ सोडला. चर्र झालं. आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं.

कामाचा दुसराच दिवस होता. शर्टांना बटणं लावायचा कारखाना बंद पडल्यावर ती भावाकडे राहायला गेली होती, आणि वहिनीने थोड्याच दिवसांत तिची ट्रंक व्हरांड्यात आणून ठेवली होती. इथे पगाराबरोबर स्वयंपाकघरामागची खोली मिळत होती. म्हणून तिने थाप मारली. हॉटेलात होते, सगळं येतं! मॅडमनी एकच विचारलं, "भाताला पाणी किती घालता?"

"भरपूर," ती ठसक्यात म्हणाली होती.

मॅडमनी आतल्या खोलीच्या दाराकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "उद्यापासून या."



मागे काठी वाजली. दारात मॅडमच्या आई उभ्या होत्या. त्या पलंगावरून उठत नाहीत, त्यांचं ताट आत न्यायचं, असं तिला बजावलं होतं. आणि ही म्हातारी तर भिंत धरत इथवर आली होती, केस विस्कटलेले, नाक फेंदारलेलं.

"काय जाळलंस?"

"भात, आजी. मॅडमना सांगू नका, हात जोडते तुम्हाला."

"स्वयंपाक येत नाही ना तुला?"

ती पातेल्यातला करपा खरवडू लागली.

"मिठाची गुळणी धरून राहू नकोस. तो नळ बंद कर आणि दुसरं पातेलं घे. तांदळावर बोट उभं धर. पहिल्या पेरापर्यंत पाणी. भरपूर कसलं डोंबलाचं घालतेस!"

अशी शिकवणी सुरू झाली. मॅडम ऑफिसला गेल्या की काठीचा आवाज यायचा. बटाटे एकसारखे चिर, नाहीतर निम्मे शिजतील आणि निम्मे टणक राहतील. कांदा टाकल्यावर नुसती बघत बसू नकोस, ऐक. चुरचुर थांबली की गॅस बारीक कर. झाकण दर मिनिटाला उघडायला आत काय सिनेमा चाललाय?

"आजी, चवीपुरतं मीठ म्हणजे किती?"

"तुझी जीभ काय भाड्याने दिलीस? चाख! दर वेळी चाख."

ती चाखत होती. पण आता भीती दुप्पट झाली होती. स्वयंपाक येत नाही हे कळलं तर एक वेळ शिव्या खाऊन सुटता येईल. पण आजारी म्हाताऱ्या बाईला अंथरुणातून उठवून कामाला जुंपलं, हे कळलं तर? गेटचा आवाज आला की ती आजींना अक्षरशः ढकलत खोलीत नेऊन झोपवायची. आजी हसायच्या. 

आणि मॅडम काही बोलतच नव्हत्या. कच्चे बटाटे खाल्ले, खारट सूप प्यायल्या. "ठीक आहे," एवढंच. त्या शांतपणानेच तिचा जीव टांगणीला लागायचा. एकदा त्यांनी पाठ टेकता येईल असं उंच स्टूल आणून ओट्याशी ठेवलं. "उभ्याने किती चिरणार?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. स्टुलावर आजीच बसू लागल्या.

मग रविवारी मॅडमच्या ऑफिसातले लोक जेवायला यायचे ठरले. तिने आजींच्या विनवण्या केल्या, पण आजी जागच्या हलल्या नाहीत.

"आज तुझं तू कर. येतंय तुला सगळं."

सकाळपासून ती एकटीच ओट्याशी होती. पण कांदा वेळेवर गुलाबी झाला. भात मोकळा झाला. रस्सा चाखला, मिठाची चिमूट टाकली, पुन्हा चाखला. जमला होता! आजींचं ताट आतून चाटूनपुसून परत आलं. पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि एकजण तर स्वयंपाकघरात येऊन तिचं कौतुक करून गेला. वहिनीचा व्हरांडा तिला आज पहिल्यांदाच लांब वाटला.

पाहुणे गेल्यावर मॅडम आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुमचं या महिन्याचं सगळं देते. खोली मात्र आठवड्यात रिकामी करा. मैत्रिणीकडे तुमच्यासाठी शब्द टाकलाय, तिला चांगली बाई हवीच आहे."

तिने हातातला डाव खाली ठेवला. "आजींनी सांगितलं का?"

"आई काहीच बोलत नाही. जेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून आहे. आज दिवसभर उठली नाही. स्वयंपाकाला आधीच्या बायका होत्या तेव्हा अशीच पडून असायची. त्यांच्याही हाताला चव होती."

"मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी सुधारते."

मॅडमनी डोळे पुसले.

"नाही हो, काहीच चुकलं नाही. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून तर मी तुम्हाला ठेवलं होतं."