विहिरीचा नमुना

"रिपोर्ट चांगला यायला हवा. कसा, ते तू बघ." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "गावच्या विहिरीत शिसं निघालं तर कारखान्याला टाळं लागेल. मग पोरीच्या दवाखान्याचं काय करशील?"

पोरीचा विषय निघाला की तिला दुसरं काही सुचायचंच नाही. एवढीशी पोर, अंगात रक्त नाही, पोट दुखतं म्हणून सारखी किरकिर, वजन वाढायचं नाव नाही. डॉक्टर तपासण्यांवर तपासण्या लिहून देत होते आणि सगळा खर्च कंपनी उचलत होती. नोकरी गेली की उपचारही गेले.

कॉलेजात पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा मामा हसला होता. "झाडं लावायला डिग्री कशाला लागते गं?" वर्गातली एक मैत्रीण वनखात्यात गेली, एक शिकवायला लागली आणि हिला मिळाली कारखान्यात पर्यावरण अधिकाऱ्याची खुर्ची. मग त्याच मामानं भाचीचं कौतुक चारचौघांत मिरवलं. तेव्हा तिलाही वाटलं होतं, आपण नद्या वाचवणार. वाटायला काय जातं!

दुपारी ती नमुना घ्यायला विहिरीवर गेली. पाण्याची तक्रार केलेली गावातली मावशी कठड्याशीच उभी होती, डोळ्यांत तेल घालून. हिनं बाटली विहिरीच्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली, पेटीत ठेवली. अगदी कॉलेजात शिकवलं होतं तसं.

"आम्ही उकळूनच पितो हो, बाई," मावशी म्हणाली.

"उकळून जंतू मरतात, मावशी. शिसं नाही जात."

"अगं बाई! मग खरं काय ते येऊ द्या रिपोर्टात. आमच्याही घरात लेकरं आहेत."

हिला मान वर करवेना. "बघते," एवढंच म्हणून ती निघाली.

प्रयोगशाळा एव्हाना बंद झालेली, म्हणून पेटी घरी आणावी लागली. घर कंपनीच्याच वसाहतीत, साहेबांच्या बंगल्यामागे; दोन्हीकडे पाणी एकाच टाकीचं. सासूबाई पोरीसाठी पातेलंभर पाणी उकळत होत्या.

"डॉक्टर म्हणालेत ना, भरपूर पाणी पाजा. दिवसभर पेला घेऊन हिच्या मागे मागे फिरतेय बघ."

"तुम्ही आहात म्हणून निभावतंय, आई."

पोरीनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. सासूबाईंनी गोडीगुलाबीनं उरलेलंही पाजलं. पोरीचे हडकुळे हात बघून हिला भडभडून आलं.

सकाळी सासूबाई उठल्या तर ही आधीच नळाशी उभी, डोळे सुजलेले.

"आज इतक्या लवकर? आणि रडलीस की काय?"

"नमुना पोचवायचाय, आई."

"नोकरी आहे गं ती. जिवाला इतकं लावून घेऊ नये."

प्रयोगशाळेच्या खिडकीत तिनं पेटी दिली आणि वहीत सही केली.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट. साहेबांनी तो कागद तिच्यापुढे आपटला.

"स्वतःला हरिश्चंद्राचा अवतार समजतेस? अगं, आपल्या हातानं पोरीच्या पोटावर पाय दिलास!"

तिनं कागद उचलला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. एका हातानं तिनं घरचा फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना.

साहेबांचं चालूच होतं. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला तशी त्यांनी घरून आणलेली पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवली.

"आता का तोंड शिवलंय? विहिरीचंच पाणी पाठवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"विहिरीचं मी मोरीत ओतलं, साहेब," ती म्हणाली. "बाटलीत माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी होतं."