फेब्रुवारीचा हप्ता

"सर्दी झालीय का रे तुला?" दुकानातल्या बाईने फोनवर विचारलं. "आवाज अगदी परका वाटतोय."

वॉरन हाकाला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात, आपल्या स्वयंपाकघरात उभा होता. या बाईशी तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता.

घरासाठी कर्ज काढायचं होतं आणि बँकेने त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवर, बोट ठेवलं होतं. उत्तर मिशिगनमधल्या एका फर्निचरच्या दुकानातलं उधारीचं खातं, फेब्रुवारीचा हप्ता महिनाभर उशिरा. वॉरनने आयुष्यात कुठलंही बिल थकवलं नव्हतं. दुकान त्याच्या गावचंच होतं, पण त्या गावात त्याने वीसेक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कुणीतरी आपलं नाव चोरलंय, असं त्याने बायकोला, लूपेला, लगेच सांगितलं. रिपोर्टवाल्या कंपनीकडे हरकत नोंदवली. तिथून उत्तर आलं, दुकानाकडे चौकशी केली, नोंद बरोबर आहे. त्याने पुन्हा हरकत घेतली आणि आज सरळ दुकानातच फोन लावला.

बाई मायेने बोलत होती. याच्या घरात दुःख झालंय, एवढा उशीर लिहू नका, असं तिने हेड ऑफिसला सांगून पाहिलं होतं. पण कॉम्प्युटरला कुठे कळतंय. बाकी त्याचा एक हप्ता कधी चुकला नाही. दर महिन्याला स्वतः यायचा, बुटांवरचा बर्फ दारातच झटकायचा, दोन शब्द बोलून जायचा. डोक्याकडून वर उचलता येणारा तो पलंग त्याने आईसाठी घेतला होता.

"शेवटी शेवटी तिला आराम पडला ना त्याचा?" तिने विचारलं.

वॉरनने फोन ठेवून दिला.

आई गेली होती. आणि ते त्याला हे असं कळत होतं. वडिलांच्या मागे घर विकायचं की नाही यावरून त्याचं आणि आईचं वाजलं होतं. तो नको ते बोलला, तिने दार दाखवलं. दोघंही हट्टी. सुरुवातीला तो दरवर्षी म्हणायचा, येत्या उन्हाळ्यात जाऊ. मग म्हणायचंही सोडून दिलं.

एली मावशीचा नंबर मात्र त्याच्या बोटांना अजून पाठ होता.

"मावशी, मी वॉरन बोलतोय."

"कोण?"

त्याने पुन्हा नाव सांगितलं. पलीकडे कुणीतरी बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

"हे बघा," मावशी गार आवाजात म्हणाली, "तुम्ही कोण ते मला माहीत नाही. वॉरन इथे माझ्या समोर बसलाय. कॉफीत पाव बुडवून खातोय."

मग आपण कोण, असा एक प्रश्न वॉरनच्या मनात खरोखरच येऊन गेला. त्याने कसंबसं म्हटलं, त्याला फोन द्या. खुर्ची सरकली. दार उघडून मिटल्याचा आवाज आला, मग नुसता वारा आणि कुणाचा तरी श्वास.

"एक दिवस तू फोन करशील, असं वाटलंच होतं," तो माणूस म्हणाला.

तो सावकाश, न घाबरता सांगत गेला. एका हिवाळ्यात तो छपरांवरचा बर्फ काढायची कामं शोधत गावात आला होता. वॉरनच्या आईची नजर तेव्हा जवळजवळ गेलेली. तिने दार उघडलं, त्याचा गाल चाचपला आणि म्हणाली, वॉरन, ये आत. मी तो नाही, असं तो सांगणारच होता. पण टेबलावर दुसरं ताट मांडलेलं होतं. ती ते रोज संध्याकाळी मांडायची, हे त्याला पुढे कळलं. तो जेवायला बसला आणि राहिला. एली मावशीने वॉरनला शेवटचं पाहिलं ते अगदी तरुणपणी, तिला संशय आला नाही. ज्यांना आला त्यांनी तोंड उघडलं नाही. पलंग घेताना दुकानात वॉरनचं नाव, जन्मतारीख, सरकारी नंबर, सगळं आईनेच सांगितलं. तिच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. त्यानंतर महिनाभर तो घराबाहेर पडला नाही, तेवढा हप्ता राहिला.

"तू आंधळ्या बाईला फसवलंस," वॉरन म्हणाला. "मरेपर्यंत तिला कळू दिलं नाहीस."

"जायच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला," तो माणूस म्हणाला. "म्हणाली, 'वॉरन कधी आला, तर त्याच्यावर रागावू नकोस हं.'"

त्या आठवड्याच्या शेवटी रिपोर्टवाल्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ती घाईत होती. खातं आपलं नाही, एवढं वॉरनने लिहून द्यावं, म्हणजे नोंद पुसली जाईल आणि चोरीची तक्रार पुढे पोलिसांकडे जाईल. कर्जाला मग काही अडचण नाही. लूपे दारात उभी राहून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"सर, ऐकताय ना? खातं तुमचं नाही, बरोबर?"

"खातं माझंच आहे," वॉरन म्हणाला. "आणि उशीरही माझ्याकडूनच झालाय."