बारा सेकंद

"पादचाऱ्यांना बारा सेकंद दिलेत, आजी. माणूस आरामात रस्ता ओलांडतो," पालिकेचा तरुण अभियंता पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवत म्हणाला. 'अपघातमुक्त शहर' योजनेच्या नागरिकांसोबतच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

काठी टेकत अनसूयाबाई उठल्या. "कुठला माणूस? तुमच्यासारखा की माझ्यासारखा? चला खाली चौकात. मी चालते, तुम्ही सेकंद मोजा."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? तो त्यांच्याबरोबर उतरला. दिवा हिरवा झाला. बाई भराभर पावलं टाकत होत्या, पण त्याने 'बारा' म्हटलं तेव्हा पलीकडचा फुटपाथ अजून लांबच होता. तेवढ्यात गाड्या सुटल्या. एक मोटारसायकल काठीला घासून गेली, बसचा हॉर्न किंचाळला. "अरे थांबा! माणसं आहेत इथं!" बाईंचा दंड धरून तो ओरडला.

फुटपाथवर पोचल्यावरही त्याने त्यांचा दंड सोडला नाही. "आजी, आणखी किती सेकंद द्यायला हवेत?"

"चार!" बाईंचा आवाज चढला. "गेल्या वर्षी आमचे हे इथंच गेले. त्यांनाही चारच कमी पडले. तेव्हापासून तीन अर्ज दिले, साहेब. मोजायला आज आलात."