हेल्मीवहिनीचा वासा

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या रानात, मारलेले हरीण टांगण्यासाठी, दोन मेपलवृक्षांच्या बेचक्यांत आम्ही पुन्हा वासा बसवला. आधीचे दोन्ही वासे रिकामेच असताना मधोमध मोडले होते.

हा ओकचा होता, मांडीएवढा जाड. तरीही काही टांगण्याआधीच, आमच्या डोळ्यांदेखत तो मध्यभागी हळूहळू वाकू लागला.

"वहिनी, जागा बदलू या," मी म्हणालो.

"का म्हणून, भाऊजी? तुमचे भाऊ गेल्यावर मी मारलेलं हे पहिलं हरीण. हिवाळाभर माझी मुलं हेच खाणार. खाली ठेवलं तर लांडगे काय पूजा करतील त्याची?"

वासा करकरला. वहिनी नेमकी त्या वाकलेल्या भागाखाली जाऊन उभी राहिली आणि वर पाहून म्हणाली,

"कोण आहेस ते मी विचारत नाही. वासा माझा आहे. सरक तिकडे!"

वाशाचा बाक सावकाश डाव्या झाडाकडे सरकत गेला.

"बघता काय, भाऊजी? ओढा."

हरणाच्या मागच्या पायांना बांधलेला दोर वाशावरून घेऊन मी हातात धरला. मी ओढण्यापूर्वीच, वाशावरून कुणी खेचावा तसा तो ताणला गेला आणि हरीण वर चढू लागले.

वहिनीने त्याची शिंगे दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माझं आहे," ती शांतपणे म्हणाली, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले.