डावा कोपरा

परीक्षानळीतले पाणी रंगलेच नाही. प्रसेनजितने ती खिडकीच्या उजेडात धरली, पांढऱ्या कागदापुढे धरली, पुन्हा एकदा हलवून पाहिली. नायट्रेट शून्य. फॉस्फेटही शून्य. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला याहून निर्मळ उत्तर मिळणे शक्य नव्हते. आणि त्याच्यासमोर, चार फुटी काचेच्या समुद्रात, पोवळी मरत होती.

तीन महिन्यांपूर्वी ती जांभळी होती, हिरवी होती, श्वास घेतल्यासारखी फुलत होती. आता त्यांना जुन्या हाडांची कळा आली होती. त्याने दिवे बदलले. मिठाचे प्रमाण पुन्हा पुन्हा तपासले. आठवड्याने बदलायचे पाणी तो दर तीन दिवसांनी बदलू लागला. सुट्टीच्या दिवशी तो घरी असला की पाही, दुपारी दोनला सगळे मासे डाव्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंडे करून, पृष्ठभागाशी जमत. त्यांना प्राणवायू कमी पडत असावा, असे समजून त्याने तिथे आणखी एक पंप बसवला. मासे तरीही तिथेच जमत राहिले.

"दोन्ही शून्य?" फोनवर अकोल्याचा इंद्रभान हसला. ही पोवळी त्याच्याच दुकानातून आली होती. "मंग तर पिऊन घ्या सर ते पाणी! अहो, उपाशी मारून राह्यले तुमी त्याइले. पोवळं थोड्या घाणीवरच जगते. लय झाली तरी मरते, अन् नाही झाली तरी मरते. खायाले कोन टाकत होतं पहिले?"

"मीच. मोजून. आजही तेवढंच टाकतो."

"तेवढ्यानं नाही जगत सर एवढी पोवळी. आनखीन कोनी तरी टाकत असन."

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

त्याची बायको सुवर्णा आली होती. तिच्या मागे तिचा भाऊ देवानंद, खांद्यावर दोरी टाकून. शिलाई मशीन न्यायला ते येणार हे कालच कळले होते. मशीन गेले की या घरात तिचे म्हणावे असे काही उरणार नव्हते. प्रसेनजितने सकाळपासून एक वाक्य जुळवून ठेवले होते. चुकलं माझं, राहा. तीनच शब्द. ते त्याने आरशासमोर म्हणूनही पाहिले होते.

"जयभीम भाऊजी," देवानंद म्हणाला. "मशीनले हात लावला तर चालन नं?"

प्रसेनजितने मान खाली घातली. तीन महिन्यांपूर्वी टाकीचे झाकण सरकलेले दिसले होते, पाण्यावर बारीक तवंग आला होता. तो कधीच आवाज चढवत नसे. त्या दिवशीही हळूच म्हणाला होता, "पाण्याले हात नको लावत जाऊ. तुह्या हातानं नासते ते."

सुवर्णा म्हणाली होती, "माह्या आजीले विहिरीवर लोक हेच म्हनत होते." आणि संध्याकाळच्या गाडीने मोताळ्याला माहेरी निघून गेली होती. तेव्हापासून घरात कापडाचे धागे पडले नव्हते, मशीनची खडखड झाली नव्हती. सगळे स्वच्छ होते.

आता ती टाकीपुढे थबकली. "हे काय झालं यायले?"

वाक्य ओठांशी आले. तो म्हणाला, "नायट्रेट शून्य आहे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ज्वारीच्या डब्यामागून स्टीलची एक छोटी डबी घेऊन आली. झाकण उघडताच झणझणीत वास सुटला.

"मोताळ्याच्या बाजारातले सुके झिंगे. धुऊन, वाळवून, कुटून ठेवले होते. तुमी कॉलेजात राहत होते. मी ताट वाढून बसली, का हे मासे तिथं येऊन तोंड वासून पाहत. मुक्या जीवांसमोर घास कसा उतरन? यायले चिमूटभर टाकूनच जेवत होती मी."

घड्याळात दोनला पाच मिनिटे होती. ती डाव्या कोपऱ्याशी गेली. काचेपलीकडे एकाएकी रंगांची झुंबड उडाली. सगळे मासे तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर येऊन एकमेकांना ढकलू लागले. तिचा हात टाकीच्या झाकणापर्यंत गेला, आणि तिथूनच मागे आला. तिने डबी त्याच्यापुढे धरली.

"रोज चिमूटभर. जास्त नको."

त्याने डबी घेतली. ती दाराशी पोचली होती, तेव्हा वळून म्हणाली, "हात धुऊनच टाकत होती मी."

देवानंदने मशीन पाठीवर घेतले. बाहेर ऑटो चालू झाला. ते तीन शब्द प्रसेनजितच्या घशात तसेच होते, जुळवलेले, निर्मळ, काही उपयोगाचे नसलेले. ऑटोचा आवाज कोपऱ्यावर वळला, विरला, आणि मग फक्त पंपांची घरघर ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने महाविद्यालयातून सुट्टी घेतली. दोन वाजता मासे डाव्या कोपऱ्यात जमले. त्याने चिमूट सोडली. त्यांनी ती खाल्ली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबले, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंडे करून. प्रसेनजितही डबी हातात धरून त्यांच्याशेजारी उभा राहिला, त्याच दाराकडे पाहत.